किंचित

किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर
माझा आठवडा तीन रंगांत आहे.
निळा, म्हणजे डायलिसिस युनिट, सकाळी सात ते तीन.
तांबडा, म्हणजे जर्मन कंपनीचे कागद,
इंग्रजीतून मराठीत, शब्दाला सव्वा रुपया,
शुक्रवारी रात्री बाराच्या आत.
तिसरा पेन्सिलीचा, नळाचा.
तो आठव्या दिवशी येतो, कधी अकराव्या,
आणि आला की बाकीच्या दोघांना विचारत नाही.

जगात जर्मनी, भारतात परभणी.
शाळेच्या सहलीत घसा बसेपर्यंत ओरडलोय आम्ही हे.
तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं
की त्यांचं ऑफिस उघडतं तेव्हा
माझ्या डब्यातली दशमी संपत आलेली असते,
आणि त्यांचं ‘आज संध्याकाळपर्यंत’
माझ्या झोपेतून कापून द्यावं लागतं.

वैजयंता म्हणते, रविवार तरी कोरा ठेवा.
ठेवतो.
त्या कोऱ्यात ती दुधाचा हिशेब लिहिते.

खुर्ची नंबर तीन, उत्तमराव वाव्हळ.
सोम, बुध, शुक्र. मानवतहून पहिल्या एस.टी.नं.
डाव्या हातात दोन सुया, उजवा मोकळा.
मोकळ्या हातानं चार तास
लग्नपत्रिकांवर नावं घालतात.
मांडीवर फळी, फळीवर पाकिटांचा गठ्ठा,
‘सहकुटुंब सहपरिवार’ काढताना जीभ दातांत.
म्हणतात, ब्रदर,
तुमचा शब्द सव्वा रुपयाचा, माझं नाव रुपयाचं,
चार आणे तुम्ही पुढं.
मग बोटांवर मोजतात:
तीन दिवस मशीनचे, एक शीण काढायचा,
एक पत्रिका लगीनघरी पोचवायचा,
उरले दोन, ते कुठं जातात ते मलाच सापडंना.
आणि दिवसाला पाऊण लिटर पाणी, तेही वाटीनं.
पाण्याचा हिशेब इथं सगळ्यांनाच येतो,
त्यांचा घोटाघोटाचा आहे.

गेल्या शुक्रवारी मी पाळी बदलून घेतली.
चौदा पानं राहिली होती.
खंदारे नवा आहे, पण पोरगा मनाचा चांगला.
दार लावून बसलो, मोबाइल पालथा घातला.
संध्याकाळी सातला ही ओळ आली:
सुई टोचताना तुम्हाला किंचित वेदना होऊ शकते.
चांगली उतरली, म्हणून चहा टाकला.
अकरा पन्नासला कागद गेले.

सोमवारी उत्तमराव बाही वर सरकवतात.
कोपराखाली सगळं जांभळं, कडेला हिरवट.
“पाचव्या खेपेला लागली शीर.
पोराचा हात थरथरायला लागला,
मीच म्हणलं, भिऊ नको, टोच.”
मी बोलत नाही. बोटानं त्या शिरेची घरघर शोधतो,
ती असते तिथंच, मांजरागत.
एकदाच टोचतो.
“गठ्ठा मात्र तसाच राहिला त्या दिशी,” ते म्हणतात,
“आता लांबच्या पत्रिका कंडक्टरच्या हाती धाडाव्या लागतेत.”
तक्रार नसते ती.
मला तक्रार चालली असती.

त्याच रात्री दोनला नळ आला.
ड्रम भरायला चाळीस मिनिटं लागतात.
पाइप पायाखाली दाबून, लॅपटॉप टाकीच्या झाकणावर ठेवून
कंपनीकडून परत आलेला मसुदा उघडतो,
एकदा नजर घालून सकाळी पाठवा, म्हणतायत.
ओळ आहे तिथंच आहे.
‘किंचित’च्या मागं कर्सर लुकलुकतोय.
मूळ इंग्रजीत तो शब्द आहे,
त्यांचा वकील परत बसवील, माहीत आहे.
खोडतो.
सव्वा रुपया कमी.

चपलेत पाणी शिरतं.
पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडतं,
अहो, पाइप! वाया चाललंय!