छाट

वखारीवरच्या खोलीत प्रतिष्ठानची कचेरी.
जिना चढून येणारा प्रत्येकजण
दारातच दोनदा शिंकतो,
मग नमस्कार करतो.
मी म्हणते, बसा, तंबाखू आहे, सवय होईल.

निपाणीत सवय सगळ्यांनाच.
आई दिवसाला हजार विड्या वळायची, मांडीवरच्या सुपात.
संध्याकाळी कारखान्याचा माणूस जुड्या सोडायचा,
एकेक दाबून बघायचा
आणि शंभरेक बाजूला सारायचा: छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
छाट परतही नाही.
ती पुढे कुणी ओढली, आईने कधी विचारलं नाही.

त्याच कारखान्याचं हे प्रतिष्ठान,
कै. पारव्वा गळतगे यांच्या नावाचं.
आता कागद दाबून बघते मी.

फॉर्म पुढून मराठी, पाठून कानडी.
लोक एका बाजूने चढतात,
दुसऱ्या बाजूला उतरतात,
नाव इकडे, गाऱ्हाणं तिकडे.

यंदा दवाखान्याला छातीचे फोटो काढायचं मशीन दिलं.
मशीनला चार मिनिटं लागली,
त्यावरच्या पाटीला पाऊण तास:
कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
शिवगोंडाअण्णा म्हणाले, शेजारी शेजारी लावा.
मग डावीकडे कोण, यावर पुन्हा चहा आला.
पहिल्याच आठवड्यात मी आईला नेलं.
काळ्या फिल्मवर धुरासारखं काहीतरी.
उजेडात धरून ती बघत राहिली, म्हणाली,
म्या तर कवाच एक बी वडली न्हाई.

खानापूरच्या रानपट्टीतून लुमाण्णा घाडी मास्तरांचा अर्ज.
मागणी: तेरा बॅटऱ्या.
पोरं अकरा, मास्तर एक,
तेरावी ओढ्यापलीकडच्या फणसाला टांगायला,
अस्वल तिथेच आडवं येतं.
‘शैक्षणिक परिणाम कसा मोजाल?’
या रकान्यात त्यांनी लिहिलंय,
‘पोचली की मोजतो.’
मंजूर. सेलसकट.

अडलं ते दुंडव्वा मादरपाशी.
गोकाकच्या बाजूची, चौंडकं वाजवते.
अक्षर नातवाचं, अंगठा तिचा.
मागणी: कवळी.
दात गेल्यापासून देवीचं नाव
ओठांतून वाऱ्यासारखं निसटतं म्हणे,
तार लागते, शब्द लागत नाही.
आरोग्य समितीचा शेरा: हा कलेचा विषय.
कला समितीचा: हा दातांचा.
दोन सह्या, दोन शाया,
मधल्या जागेत तिचा अंगठा.

छाट म्हणायला तोंड उघडावं लागत नाही.
कागद नुसता
उजवीकडून डावीकडे सरकतो.
त्याचा आवाज मला लहानपणापासून माहीत आहे.

मी अर्ज उलटा केला.
कानडी बाजूला, अगदी तळाशी
(मला अक्षराला अक्षर लावून वाचता येतं)
नातवाने दोन ओळी घातल्या होत्या:
गल्लीतल्या दोन पोरी रोज शिकायला येतात.
आज्जी तोंडावर पदर धरून शिकवते.

लाल पेनाने वर लिहिलं: शिक्षण.
शिक्षण समिती बुधवारी बसते,
जेवणानंतर. प्रश्न कमी विचारते.

परवा वापराचा दाखला मागायला फोन लावला.
नातू म्हणाला, थांबा, आज्जीलाच देतो.
ती काही बोलली नाही.
चौंडकं काखेत घेतल्याची खुडबुड,
एक तार, ओली, थोडी उतरलेली,
मग गाणं.
मला अर्धं कळलं.
उरलेल्या अर्ध्यात एकेक अक्षर
दातावर दात टेकवून स्वच्छ येत होतं.

‘निधीचा विनियोग’ समोर काय भरावं
या विचारात पेन तसंच धरून होते,
तेवढ्यात जिन्यावर शिवगोंडाअण्णा शिंकले,
एकदा.
दुसरी शिंक रुमालात दाबून
पायरीवरच उभे राहिले.