गोळा कुणाकडं हुता

भिलवडी स्टेशनात रात्रीची मालगाडी आता थांबत नाही,
दुहेरी रूळ झालेत, नुसती आमच्या कपबश्या वाजवून जाते.
मी लॅपटॉपपुढे. समोर एक तक्रार उघडी,
तिसऱ्या आठवड्यात शिरलेली.
कुणीतरी लिहिलंय, कुठल्या देशातून ते लिहिलेलं नाही,
की एक गाणं उघडत असतानाच पुढचं दाबलं
तर प्लेअर मरतो.
दर वेळी नाही. चाळिसात एकदा.

हा प्लेअर कुणाचाच नाही, म्हणजे थोडा माझाही.
चौदा जणांनी फुकट बांधलेला, एकमेकांना न भेटता.
त्यात आवाजाचा धागा वेगळा, चित्राचा वेगळा,
फाइल उघडायला तिसराच जातो आणि सांगून जातो:
तू थांबू नकोस, मिळाली की हाक मारीन.
सगळा घोळ त्या हाकेत आहे.
ती येते तेव्हा जिला मारायची ती खिडकी
कधी कधी उरलेली नसते.

मी जागोजागी ओळी पेरल्या: इथे आलो, इथून गेलो.
तर बग एकदम शहाण्यासारखा वागायला लागला,
पाहुणे आल्यावर व्रात्य पोर बसतं तसा.
नोंद लिहायला जो वेळ लागतो
तेवढ्यात त्याची वेळ टळते.
ओळी काढल्या. पडला.
मग दोनशे मिलिसेकंद थांब, असं लिहून पाहिलं.
चाललं.
लाज वाटली, खोडलं.
कुणाच्या तरी जुन्या मशीनवर दोनशे पुरणार नाहीत.

आप्पा जागेच होते.
जिनगोंडा मगदूम, निवृत्त पॉइंट्समन,
ऐकू येतं त्यांना, पण पोचायला वेळ लागतो.
गोळी घेतली का, विचारलं. गप्प.
खिडकी लावू का, विचारलं,
तर उत्तर आलं, "घेतली की मघाशी."
मला सवय आहे,
कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं ते मनात जुळवून घ्यायची.
खिडकीचं उत्तर काही आलं नाही.
थंडी होती, मी लावून टाकली.

"काय अडलंय?" त्यांनीच विचारलं.
म्हटलं, दोघं एकाच वेळी एका जागेवर येतात
आणि आपटतात.
ते बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले.
नांद्र्याकडून एक गाडी आली, गेली.
मग म्हणाले, "गोळा कुणाकडं हुता?"

तेव्हा एकच रूळ होता.
यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, एका वेळी एकच,
तो कातडी पिशवीत, पिशवी वेताच्या कडीला,
आणि कडी उंच धरून आप्पा फलाटाच्या टोकाला उभे.
धावत्या इंजिनातून एक हात यायचा आणि ती ओढून न्यायचा.
उजवा खांदा अजून उतरलेला आहे त्यांचा.
गोळा नाही तर गाडी नाही.
मेल असो, साहेबाची स्पेशल असो,
बोंबलत बसेल सिग्नलबाहेर.

मी कोड पुन्हा उघडला, त्यांच्याच शब्दांत त्याला विचारलं.
फाइल उघडणाऱ्याकडे नव्हता.
पुढचं दाबणाऱ्याकडे नव्हता.
आवरून जाणाऱ्यानं तर कुणाला न विचारता रूळच उखडले होते.
सगळे भले. सगळे घाईत.

सव्वातीनला झालं, सतरा ओळींत.
काही मोडायचं तर आधी गोळा हातात घ्यायचा.
आणि प्रत्येक गाण्याला आता एक नंबर,
हाक आली की तिला विचारायचं, तू कितव्याची?
जुनी असेल तर मुकाट परत जा.
चार हजार वेळा चालवून पाहिलं, नाही पडलं.
न पडणं हा पुरावा नव्हे, हे माहीत आहे मला.
तरी पाठवून दिलं.

दिवा घालवला तेव्हा अंधारातून आप्पा म्हणाले,
"नगं लावू. गाडी ऐकू येती."

मी उठले,
खिडकी उघडली.