चाचणीपुरते

मिरजेत, तहसील कचेरीच्या भिंतीलगत
पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल.
टेबल माझं, सावली दुसऱ्याची:
अकरा महिन्यांची,
जागेवर हक्क सांगणार नाही
असं मीच टाईप करून सही केलेली.

लिहून देणार, लिहून घेणार,
मधे माझा की-बोर्ड.
त्यातला ळ अडकतो,
त्यामुळे मिळकत दरवेळी दोनदा तपासावी लागते.

परवा दस्तगीरचाचा आले.
दस्त म्हणजे हात, त्यांनीच सांगितलं होतं एकदा,
दस्तगीर म्हणजे हात धरणारा.
वीस वर्षं मला वाटत होतं, दस्त म्हणजे कागद.

पुण्याच्या कंपनीचा मसुदा, अकरा पानं,
सदऱ्याच्या खिशात चौघडी घालून आणलेला.
"मोतीबिंदू पिकलाय. तू वाच."

मी वाचलं.
वर्षाला चौदा सतारी.
कंपनीखेरीज कुणास विकता येणार नाही,
उसनी देता येणार नाही,
उरसात, मैफलीत, दुकानाच्या दर्शनी भागात
मांडता येणार नाही.
दांडीचं माप, घोडीची उंची, जवारी काढण्याची पद्धत
ही गोपनीय माहिती समजण्यात येईल
व ती कोणासही उघड करता येणार नाही.

"पोरालाबी?"
"कोणासही."
"पोरगं बंगळुरात फ्रीज दुरुस्त करतंय," ते म्हणाले,
"त्याची त्यांना भीती नको."

कारागीर हा शब्द अकरा पानांत कुठं नव्हता.
पुरवठादार होता.
कलम नऊ: वाद्याच्या आत अथवा बाहेर
पुरवठादाराचे नाव, शिक्का वा खूण नसावी.
"भोपळ्याच्या आत? पेन्सिलीनं?"
"आत अथवा बाहेर, चाचा."
ते हसले,
माझ्या रबरी शिक्क्याची मूठ उचलून
नखानं टकटक केली, कानाशी नेली.
"बाभळ," म्हणाले, "बरी हाय."

कलम दहा: वाद्य निर्मितीच्या क्षणापासून
कंपनीची मिळकत राहील.
इथं ते थांबले.
"क्षण कुठला पण?
तूण कापतो तो? भोपळा वाळतो तो?
तार चढते तो?"
मग स्वतःशीच,
"पहिल्यांदा बेसूर बोलते ना ती, तो आसंल."

पुरवठादाराने सदर वाद्य वाजवू नये,
चाचणीपुरते सोडून.

पहिल्या पानावर व्याख्या होत्या.
कंपनी म्हणजे. वाद्य म्हणजे. दोष म्हणजे.
चाचणी म्हणजे, नव्हतं.
अशी भोकं दाखवायचे दोनशे रुपये घेतो मी,
त्यावरच घर चालतं.
मी पान उलटलं.

पाचशेचा मुद्रांक. शंभराचा आता चालत नाही.
साक्षीदार म्हणून झेरॉक्सवाला नितीन
आणि कुणाच्या तरी वाटणीसाठी आलेला एक मेहुणा.
चाचांनी सही केली, मोडीसारखी लांब,
लाखेनं काळी पडलेली बोटं
कागदाला लागू नयेत म्हणून मनगट उचलून धरत.

आता रात्री सायकल त्या गल्लीतूनच काढतो.
शटर गुडघाभर वर, आत पिवळा दिवा.
नऊला बाजाची तार.
साडेनऊला जोड.
मग तरफा, एकेक, बोलावल्यावर ओ द्यावी तशा.
सव्वाअकराला कायतरी असं येतं
की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री उभी करून ठेवतो.
"अजून चाचणी?" मी विचारतो.
"चालू हाय," आतून उत्तर.

चैत्रात कंपनीचा पुरवणी करार आला.
दीड पान.
चाचणी म्हणजे वीस मिनिटे.

चाचा ते घेऊन आले, डोळ्यावर हिरवी पट्टी,
एक डोळा झालेला, एक राहिलेला.
स्टूल पुढं ओढलं.
"वीस मिनिटं एका वेळेला,
का सगळी मिळून?"

मी वाचलं.
परत वरपासून वाचलं.

"नीट बघ," ते म्हणाले,
"मला काय दिसत न्हाई."