करंगळी उजळेपर्यंत

स्टोक-ऑन-ट्रेंट. मंगळवारची दुसरी केस.
डोरीन ब्रॅमॉल, वय एकाहत्तर,
डावा हात फळीवर पसरलेला, काखेपासून बधिर,
बाई मात्र टक्क जाग्या.
उजव्या हाताचे दोन प्रयत्न वाया गेले,
म्हणून हा मागितला आम्ही, कामाचा,
ज्यानं अडतीस वर्षं कपांच्या काठांवर
सोन्याची रेघ ओढली.

"सावकाश, बदका," त्या मला म्हणतात.
इकडे मायेनं बदक म्हणतात माणसाला.
नवी होते तेव्हा मी रागावले होते.

धमनीला शीर जोडून झाली.
चिमटे निघाले, आणि माझ्या बोटाखाली
झाकणाखाली आधण यावं तशी थरथर.
छान, मी म्हणाले. जरा लवकरच.

"दिवे मालवा," मिस्टर एझेनवा म्हणाले.
सलाईनमधून हिरवा रंग गेला
आणि कॅमेऱ्यानं हातावर धरला
मला कधीच न दिसणारा उजेड.
पडद्यावर कोपर झळाळलं,
शीर तर पांढरीफेक, दिमाखात;
मनगट फिकं.
पुढे काहीच नाही.
पाट आम्हीच मध्ये फोडला होता,
टोकाचे पाच वाफे कोरडे.

"माझाच हात का तो?"
हो.
"बोटं कुठायत?"

शिरेभोवती पट्टी बसवली, आवळली,
अजून सुताभर.
आधीचा रंग ओसरेपर्यंत पंधरा मिनिटं थांबणं आलं.
तेवढ्यात त्या बोलत राहिल्या:
भट्टीत जाण्याआधी सोनं तपकिरी असतं,
गुळाच्या पाकासारखं. चमक नाही काही.
कुठं लागलं, कुठं सुटलं,
दुसऱ्या दिवशी भट्टी उघडल्यावर कळायचं.
"आणि रेघ ओढताना सगळा भार करंगळीवर,
ती टेकली नाही तर हात हलतो."

पुन्हा अंधार. पुन्हा हिरवा रंग.
मी सेकंद मोजत होते, मनात, मराठीत.
अंगठा. तर्जनी, अर्धी, मग पुरती.
मधलं बोट. अनामिका.
एकवीस. बावीस.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
सव्वीसला
करंगळीच्या पेरावर राखेतल्या ठिणगीएवढं काहीतरी,
मग नखापर्यंत.

दिवे लागले. हात पुन्हा साधा,
गुलाबी औषधानं माखलेला, सुरकुतलेला,
आत काय चाललंय याचा पत्ता लागू न देणारा.
थरथर होती, पहिल्यापेक्षा मंद.
शीर पिकायला सहा आठवडे, मी सांगितलं,
मग सुया, आठवड्यातून तीनदा.
त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे.
मी कातडीचे टाके घालायला घेतले, तशा म्हणाल्या,
"बारीक घाल, बदका.
जोड दिसता कामा नये."