नमुना सात

नकाशात आम्लाची टाकी पूर्वेला आहे.
मी पूर्वेला चार भोकं पाडली,
ऑगर फिरवून फिरवून तळहाताला फोड आले
आणि चारही भोकांतून निघाली
नुसती काळी माती, शहाण्या मुलीसारखी.

पाचव्या दिवशी चिरकुटराव आले.
हातात तुराटीची काडी,
कारखान्यात अठरा वर्षं, बहुतेक तिसरी पाळी.
"बाई, नकाशा हापिसात बसून काढला त्याहिनं.
टाकी इकडं नोतीच. माह्या मांगं या."

तरोट्यातून, गाजरगवतातून,
गंजून वाकलेल्या कन्व्हेयरखालून
ते न बघता चालत राहिले,
अंधारात घरातला माणूस चालतो तसे.
एका जागी थांबले. तिथं तरोटाही नव्हता.
काडीनं रेघ ओढली. "खोदा."

या भागात काळी सहा-सहा फूट जाते.
इथं दीड फुटावर संपली.
मग पांढरा थर, फळ्याच्या खडूसारखा.
मग पिवळा, ज्याला काडेपेटीचा वास.
मग मुरूम, पण त्याची लाली गेलेली,
बोटात धरला तर शिळ्या भाकरीसारखा चुरा.
ओल्या मातीला पट्टी टेकवली,
लालभडक झाली.
वहीत लिहिलं: तीन पूर्णांक एक.
कंपनी गेली नव्याण्णव साली.
सातबाऱ्यावर नाव अजून तिचंच.

धुऱ्यापलीकडं चिरकुटरावांचं वावर,
वावरात विहीर, आमच्या यादीत सातवी.
पंचफुलाबाईंनी दोर दिला, बादली दिली नाही.
"बूड खाल्लं तिचं पाण्यानं. दोन सालात तीन बादल्या."
टेप सोडली. पाण्याला टेकताच तिनं शिट्टी दिली:
अकरा मीटर वीस.
पाणी इतकं नितळ
की तळाची पितळी गडवी दिसली,
कधी कोणाच्या हातून निसटलेली.
बेडूक एकही नाही.

दुपारी निंबाखाली त्यांनी विचारलं,
"हे इतक्या दूर आलं कसं?
आन आताच कायले?"
मी सांगतात ते सांगितलं.
पाणी जमिनीखाली चालतं,
मुरमातून, खडकाच्या भेगांतून, उतार धरून,
इथं वर्षाला साधारण चौदा मीटर.
गोगलगायही पुढं जाईल, असं म्हटलं,
नको होतं म्हणायला.

त्यांनी काडीनं मातीत आकडे मांडले.
"पावलं मोजली म्या. साडेतीनशे मीटर पकडा."
जुन्या शाळेचा भागाकार, हळू, एकेक अंक पुसून पक्का करत.
पंचवीस.
काडी थांबली.

"पाण्यानं जोर धरला का मॅनेजरचा फोन ये.
रातच्याले मी व्हॉल्व सोडो.
नाल्यानं वाहून जाईन, वाटे.
शेवटचा सोडला तो गणपतीत, नव्याण्णवच्या."
मग मला नाही, विहिरीकडं बघून:
"म्हणजे हे माह्या हातचं पाणी हाय."

मी गप्प राहिले.
प्रशिक्षणात हे नव्हतं.
बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, बर्फाच्या पेटीत आडवी ठेवली,
मग उभी केली.
पंचफुलाबाईंनी चहा आणला.
कपाकडं गेलेली माझी नजर त्यांनी पकडली.
"टँकरचा हाय. प्या."

फॉर्मवर शेवटी दोन रकाने असतात:
नमुना घेणाऱ्याची सही,
साक्षीदाराची सही.
मी माझी केली.
चिरकुटराव चष्मा पुसून फॉर्म वाचत राहिले,
वरून खाली, मग उलटून मागची कोरी बाजू.
"दोनच हायेत का?"
दोनच, मी म्हटलं.

मग त्यांनी साक्षीदाराच्या जागी नाव लिहिलं,
पूर्ण, बापाच्या नावासकट, गावासकट,
आणि कोणी विचारलं नव्हतं तरी
पाळी: तिसरी.
अक्षरं चौकटीत मावली नाहीत,
माझ्या सहीवर चढली.