बेबी ऑफ दर्शना

गोठलंय. पुन्हा पाठवा.
हे मी फोनवर इतक्या सपाट आवाजात सांगते
जसं दूधवाल्याला सांगावं, उद्या अर्धाच लिटर.
पलीकडे सिस्टर सिल्व्हेरा काही बोलत नाहीत.
त्या न बोलण्यात काय असतं, मला माहीत आहे:
अंगठ्याएवढा दंड, रबरी पट्टा,
टॉर्चच्या उजेडात हरवलेली शीर,
आणि दाराबाहेर टाके ओले असलेली एक बाई
जिला आता सांगायचं,
अजून अर्धा मिलीलिटर.

आमची लॅब तळमजल्यावर.
खिडकीतून मोनोरेलचा एक खांब दिसतो,
मोनोरेल दिसत नाही.
तसंच मूलही दिसत नाही इथून.
गुलाबी बुचाची बाटली दिसते, त्यावर लेबल,
लेबलवर नाव नसतं
कारण नाव अजून ठेवलेलंच नसतं.

बेबी ऑफ दर्शना तांडेल. स्त्री. वय चार दिवस.
खाली रेसिडेंटच्या पळत्या अक्षरात:
ताप नाही. दूध ओढत नाही.

बाटली मशीनमध्ये ठेवली.
आत आईच्या अंगाइतकी ऊब असते, मुद्दाम.
जे वाढायचं ते वाढावं म्हणून.

पहाटे पावणेचारला मशीन वाजलं.
तेरा तास फक्त.
इतक्या लवकर वाजलं की पोटात कालवतं,
बावीस वर्षांनंतरही.
काचपट्टीवर एक थेंब. जांभळा रंग, आयोडीन,
अल्कोहोलने धुवायचं, मग शेवटचा रंग.
भिंगाखाली गुलाबी काड्या,
झबल्याला शोभेल असा गुलाबी.

वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, बरं.
मग म्हणाल्या, डॉक्टरना उठवते.

तेव्हा लक्षात आलं, तिची पाचवी आहे आज.
घरी असती तर पाटावर कोरा कागद, लेखणी,
सटवाई येऊन कपाळी लिहून गेली असती
आणि कुणाला वाचता आलं नसतं.
माझ्याकडे मार्कर होता.
प्लेटच्या पाठीवर लिहिलं: १७४६,
तारीख, माझी आद्याक्षरं.
सात नीट आला नाही. पुसून पुन्हा काढला.

दोन दिवसांनी पट्टी घेऊन बसले.
प्लेटवर औषधांच्या कागदी टिकल्या,
टिकलीभोवती किती जागा मोकळी राहिली ते मोजायचं.
सहा मिलीमीटर. सहा. सहा.
सहा म्हणजे टिकलीचीच रुंदी,
म्हणजे औषध आलं आणि जंतूंनी मान वर केली नाही.
मेंढीच्या रक्तावर पोसलेले हे साय धरल्यासारखे ठिपके
मला कधी कधी सुंदर दिसतात. हे मी कुणाला सांगत नाही.
खालच्या कोपऱ्यातली टिकली: एकवीस.
पुन्हा मोजलं. एकवीस.
त्या ओसाड गोलावर झाकणावरूनच बोट ठेवलं.

त्या आठवड्यात अकरा बाटल्या वाजल्या.
पुढे कुणाचं काय झालं
ते खाली कळवायची पद्धत नाही.

मग एका मंगळवारी तोच नंबर, वेगळं लेबल:
सागरिका तांडेल.
मी ते दोनदा स्कॅन केलं, गरज नसताना.
पाच दिवस मशीन गप्प राहिलं.

सहाव्या दिवशी खिडकीशी एक माणूस,
पायात गमबूट, ट्रॉम्ब्याच्या जेट्टीवरून तसाच आलेला.
रिपोर्ट माझ्यासमोर धरला, बोट एका ओळीवर.
मॅडम, नो ग्रोथ लिवलंय.
आमची पोर वाढत नाय काय?

मी काउंटरच्या बाहेर आले.
पोरीची नाही हो, म्हटलं, जंतूंची.
रक्तात आता काही उगवत नाही.
पोर वाढेल.
हे शेवटचं म्हणायचा मला अधिकार नाही,
तरी म्हटलं.

त्याने कागद दुमडला, उलगडला.
नाव तरी बरोबर लिवलंय ना, बघा जरा.
मी बघितलं.
रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं.