पट्टा

दोन वाजता जयराम उठतो.
म्हशींची वेळ अंगात भिनलेली, गजर लागत नाही.
उरलेला चहा गरम करतो, बॅटरी घेतो,
मोबाईलवर गाणं लावून तो शर्टाच्या खिशात टाकतो,
कारण माणसाचा आवाज आला की वाघ वाट देतो,
असं वनखात्याच्या मुलीनं पाड्यात येऊन सांगितलं.
आरेत राहणाऱ्याला हे काय नवीन,
पण तिनं चित्रं आणली होती. ऐकून घेतलं.

पूर्वी गाणं नसे. काळू असे.
तबेल्याच्या फाटकापर्यंत सोडायला जायचा,
येताना एकटा.
मार्गशीर्षात एका पहाटे आलाच नाही.
वळणावर, जिथं खांब आहे पण दिवा नाही,
पाचोळ्यात ओढल्याची रेघ. तेवढीच.
सासू म्हणाली, वाघदेवाला दिलेला कोंबडा लहान होता,
त्यानं बाकी वसूल केली.
कुणी हसलं नाही.

मग बुध्या आला. बुधवारी सापडला म्हणून बुध्या.
जयरामनं टायरची पट्टी कापली, चौदा खिळे ठोकले,
टोकं बाहेर. गळ्याला दात लागायचा तर आधी लोखंड लागेल.
बाहेर गोणपाट अंथरलं.
आणि मी म्हटलं, हा आत झोपेल.

मग पाड्यात ज्याला त्याला तोंड फुटलं.
राखणीचा कुत्रा चुलीशी बसवला की नाक मरतं, म्हणे.
उद्या त्याला उशी देशील.
मी ज्या चौदाव्या मजल्यावर लादी पुसते
तिथल्या कुत्र्याला खरंच उशी आहे, पावलं काढलेली.
बाई विचारतात, तुमचा बाहेर का गं, जीव नाही का त्याला?
मी फडकं पिळते. त्याला काम असतं ताई, म्हणते.
तो काचेतून दिवसभर आमच्या टेकडीकडे बघतो
आणि एकदाही भुंकत नाही.

पहिल्या रात्री मुक्ता झोपेतच त्याला बिलगली
आणि किंचाळली. तळहातावर तीन भोकं.
पट्टा काढला, जयरामच्या शर्टाशेजारी खुंटीला टांगला.
बुध्यानं मान झटकली,
काहीतरी हरवल्यासारखी पुन्हा झटकली,
आणि दाराच्या फटीला नाक लावून उभा राहिला उजाडेपर्यंत.
मीही जागीच.
काळूच्या भुंकण्यावरून कळायचं मला,
हे डुकरासाठी, हे दारू पिऊन आलेल्या रमणसाठी,
हे घरांवर आकडे रंगवायला आलेल्या साहेबांसाठी.
आता बाहेर काय चाललंय ते
बाहेरच राहतं.

आणि गेल्या शुक्रवारी
त्याच्या पाठीचे केस उभे राहिले.
भुंकला नाही. छातीत गिरणी सुरू झाल्यासारखा
नुसता घरघरत राहिला.
डालग्याखाली कोंबड्या गप्प.
आमचा कूड कारवीचा, वर शेण लिंपलेलं,
जाडी मोजून दोन बोटं.
मी मुक्ताच्या तोंडावर हात ठेवला.
दोन बोटांपलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं,
सावकाश, घाई नसल्यासारखं.

सकाळी ठसे पाहिले.
घराला वळसा, मग गोणपाटापाशी.
गोणपाट मधोमध दबलेलं.
बसून गेला होता.
जयराम बराच वेळ उकिडवा राहिला,
मग गोणपाट नळावर नेऊन धुतलं,
आणि वाळायला टाकलं ते पत्र्यावर, पुन्हा अंथरलं नाही.
आत असून ओळखलं त्यानं, मी म्हटलं.
हो, तो म्हणाला. आत असून.
पुढचं बोलला नाही.
तबेल्याची वाट आतून राखता येत नाही
हे मलाही ठाऊक होतं.

आज दोन वाजता
त्यानं खुंटीवरचा शर्ट घेतला.
खिळे वाजले.
बुध्या उठला, शेपूट न हलवता
आधी पट्ट्याकडे, मग माझ्याकडे बघितलं त्यानं.
मी त्याची मान धरली.
तिथं, जिथं खिळे असायचे, लव नव्यानं उगवतेय, मऊ.
राहू दे, जयराम म्हणाला,
माझ्याशी की त्याच्याशी, कळलं नाही.

गाणं उतारावरून गेलं,
चिंचेपाशी बारीक झालं,
वळणावर गेलं तेव्हा शब्द तुटले, नुसता ताल.
मग तोही नाही.
माझ्या हाताखाली
त्याचे कान अजून उभे आहेत.